परक्याच्या पेल्यातली ताडी

येवला म्हटले की मराठी माणसाला तीन गोष्टी आठवतात : पैठणी, तात्या टोपे यांचे जन्मगाव आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथे केलेली धर्मांतराची घोषणा. या तालुक्याची चौथी ओळख फारशी बोलली जात नाही. ती आहे एका वाटेची. सुरतेच्या बंदरावरून निघालेला माल आणि माणूस बागलाण ओलांडून औरंगाबादेकडे व पुढे गोवळकोंड्याकडे जाई, तेव्हा त्याचा एक मुक्काम मनमाड आणि येवला यांच्यामधल्या अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांपाशी पडे.

१६६६ साली या वाटेने ज्याँ द तेवनो नावाचा एक फ्रेंच प्रवासी गेला. त्याने दिलेली मुक्कामांची यादी नकाशा उघडून वाचावी : नवापूर, पिंपळनेर, सटाणा, उमराणे, मग ‘आंकितांकी’, आणि पुढे लासूर, औरंगाबाद. ‘आंकितांकी’ म्हणजे आपले अंकाई-टंकाई. फ्रेंच कानाने ऐकलेले आणि फ्रेंच हाताने लिहिलेले गावाचे नाव इतके ओळखता यावे, हे भाग्य सगळ्याच गावांच्या वाट्याला आलेले नाही.

काळही ध्यानात घ्यावा. आदल्या वर्षी पुरंदरचा तह झाला होता. १६६६ च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराज आग्र्यात औरंगजेबाच्या नजरकैदेत होते. दोन वर्षांपूर्वी, जानेवारी १६६४ मध्ये, त्यांनी सुरत लुटली होती आणि तेवनोने त्या लुटीची हकिकत सुरतेत ऐकून आपल्या ग्रंथात लिहून ठेवली आहे. इतिहासाचे अभ्यासक त्याला ओळखतात ते प्रामुख्याने या हकिकतीसाठी आणि वेरूळच्या लेण्यांच्या वर्णनासाठी. त्याच ग्रंथात एका पेयाचेही वर्णन आहे, आणि त्याच्याकडे मात्र कोणी थांबून पाहत नाही. त्या पेयाचे नाव त्याने ‘तारी’ असे लिहिले आहे.

तेवनो हा चवीने जग पाहणारा माणूस होता. हिंदुस्थानात येण्यापूर्वी तो इस्तंबूल व इजिप्त हिंडून आला होता. १६६४ साली छापलेल्या त्याच्या पूर्वेकडील प्रवासाच्या ग्रंथात तुर्क लोक ‘काहवे’ कसे करतात व कसे पितात याचे वर्णन आहे. कॉफी ही वस्तू पॅरिसमध्ये अजून नवलाची होती तेव्हाची ही गोष्ट. असा माणूस सुरतेस उतरल्यावर इथले लोक काय पितात हे पाहिल्याशिवाय राहणार नव्हता.

तो सांगतो की तारी हे हिंदुस्थानात आवडीने प्यायले जाणारे पेय असून ते दोन प्रकारच्या झाडांपासून निघते, एक ‘काद्जिऊर’ आणि दुसरे नारळाचे. त्यातली उत्तम तारी काद्जिऊरची. काढणारा माणूस कमरेला कातड्याचा जाड पट्टा बांधतो, तोच पट्टा झाडाच्या खोडाभोवती घेतो आणि शिडीवाचून वर चढतो. हव्या त्या जागी पोचल्यावर जड लोखंडी छिन्नीने खोडाला खाच पाडतो आणि त्या खाचेला वेताची वीतभर नळी बसवतो. तिच्यातून रस मडक्यात उतरतो.

‘काद्जिऊर’ म्हणजे खजूर हे उघड आहे. पण कोणता खजूर? येथे तेवनोचा बारकावा कामी येतो. नारळाची माडी काढताना खोडाला हात लावत नाहीत. न उमललेली पोय दोरीने करकचून बांधतात आणि तिचे टोक रोज थोडे थोडे कापतात, त्या टोकातून रस गळतो. ताडाचाही रस फुलोऱ्यातूनच येतो. खोड सोलून, शेंड्याजवळ खाच पाडून रस घेतात तो एकाच झाडाचा, रानटी खजुराचा, म्हणजेच आपल्या शिंदीचा. ओढ्याकाठी, बांधावर, पडीक रानात आपोआप वाढणारे हे झाड सुरतेपासून खानदेशपर्यंत व पुढे गोदावरीच्या खोऱ्यातही जागोजाग दिसते. नाशिकच्या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात नारळ नाही, शिंदी आहे. मराठीत झाडालाही शिंदी म्हणतात आणि त्याच्या रसालाही. तेवनोने उत्तम ठरवलेले पेय ते हेच.

आजच्या भाषेत सांगायचे तर ही या मुलखाची बिअर होती. तुलना ओढूनताणून केलेली नाही. ताडी, माडी व शिंदी या तिन्हींत दारूचे प्रमाण साधारण ४ ते ६ टक्के, म्हणजे बिअरइतकेच असते. दोन्ही पेये आंबवलेली असतात, गाळलेली म्हणजे भट्टीवर उकळून वाफेतून काढलेली नसतात. फरक कच्च्या मालाचा. बिअरसाठी धान्याला मोड आणून त्यातल्या पिठाची साखर करावी लागते. शिंदीच्या रसात साखर तयारच असते. हवेतले, मडक्यातले किण्व तिला लगेच लागते आणि रस मडक्यात पडू लागल्यापासूनच आंबू लागतो. म्हणून नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात आणि सूर्योदयापूर्वी मडके उतरवतात. चुना नसेल तर सकाळी गोड, दुपारी चढणारी, रात्री आंबट आणि एकदोन दिवसांत शिरका, असा या रसाचा जन्म असतो.

या घाईमुळेच ताडीला प्रवास करता येत नाही. ती बुधल्यात भरून बाजारपेठेला धाडता येत नाही, जहाजावर चढवता येत नाही, वर्षभर साठवता येत नाही. ती झाडाखालीच किंवा झाडापासून हाकेच्या अंतरावर प्यावी लागते. जगाच्या बाजारात द्राक्षाची वारुणी गेली, पुढे बिअर गेली, ताडी कधी गेली नाही. ज्याला तिची चव घ्यायची असेल त्यालाच झाडापर्यंत यावे लागे.

याच परिसरातला एक जुना दाखला पाहावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात बारिगाझा, म्हणजे भडोच, येथे उतरणाऱ्या मालात वारुणीचा उल्लेख आहे, आणि तीतही इटलीच्या वारुणीला पसंती असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. त्याच ग्रंथात बारिगाझापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. रोमन धाटणीच्या दोन कानांच्या सुरयांचे तुकडे नेवासे आणि तेर येथील उत्खननांत सापडले आहेत. सातवाहन काळातल्या दख्खनच्या श्रीमंतांनी घरबसल्या इटलीच्या पेयाची चव घेतली ती अशी. इटलीतल्या माणसाला मात्र शिंदीची चव कळण्याची काहीच सोय नव्हती.

म्हणून ताडी पिऊन तिच्याविषयी लिहिणारे सगळे परदेशी हे स्वतः येथवर चालत आलेले, जहाजातून उतरलेले लोक आहेत. त्यांची मालिका तेवनोच्या पुष्कळ आधी सुरू होते.

१३२१ च्या सुमारास जोर्दानुस नावाचा ख्रिस्ती धर्मोपदेशक ठाण्यात होता. देवगिरीचे यादव राज्य दिल्लीच्या हाती जाऊन तीनच वर्षे झाली होती. ठाण्याच्या सुलतानी अंमलदारांनी त्याच्या चार सोबत्यांना ठार मारले आणि त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरण्याचे काम या माणसाच्या वाट्याला आले. असल्या आठवणी घेऊन परत गेलेल्या माणसाने काही वर्षांनी लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्यात पूर्वेकडील नवलाईच्या गोष्टी सांगितल्या. त्या गोष्टींत झाडे आहेत. ‘नार्गिल’ म्हणजे नारळ. मग ‘तारी’ नावाचे एक झाड, जे वर्षभर पांढरा, प्यायला गोड असा रस देते. आणि त्यानंतर ‘बेल्लूरी’ नावाचे आणखी एक झाड. त्याचाही रस तसाच, पण अधिक चांगला.

या ‘बेल्लूरी’ने पुढच्या अभ्यासकांना काही काळ विचारात पाडले. १८६३ साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या हेन्री यूल याने त्याचा उलगडा केला : हा मराठीतला भेरली माड. कोकणातल्या बागांत आजही दिसणारे, माशाच्या शेपटीसारख्या पानांचे, पानांच्या बेचक्यांतून लांबलचक माळा सोडणारे हे झाड. त्याची माडी कोकणात मानाची समजतात. सातशे वर्षांपूर्वी ठाण्याच्या किनाऱ्यावर कोणीतरी एका परदेशी माणसाच्या हातात पेला दिला, झाडाचे नाव सांगितले आणि ताडीपेक्षा ही सरस आहे हेही बहुधा सांगितले. पेला देणाऱ्याचे नाव गेले, झाडाचे नाव लॅटिन पुस्तकात राहिले.

जोर्दानुसनंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यातून लिहीत होता. १५३४ साली तो गोव्यास आला आणि १५६३ साली त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ गोव्यातच छापला गेला. मुंबई बेटाची मक्तेदारीही काही काळ त्याच्याकडे होती. प्रवासी पितो, वैद्य तपासतो. ओर्ताने नारळाच्या रसाला ‘सूर’ म्हटले आहे. गोव्यात आजही तोच शब्द आहे. हा सूर भट्टीवर गाळला की दारू होते. तिच्यात बुडवलेली चिंधी पेट घेते, असे तो नोंदवतो. दारूचा कस पाहण्याची ही जुनी रीत. सर्वांत आधी जी उतरते तिला ‘फुला’ म्हणतात, म्हणजे फूल. मागाहून राहते ती ‘ओर्राका’, आणि तिच्यात थोडी पहिली मिसळतात. गोव्यात उन्हाळा लागला की ‘उर्राक’ पिणाऱ्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल. आज तो काजूच्या पहिल्या गाळपाला लावतात. मूळ अरबी ‘अरक’, म्हणजे घाम. वाफेचे थेंब भांड्याच्या अंगावर घामासारखे डवरतात, त्यावरून आलेला. आपला ‘अर्क’ त्याच घराण्यातला.

‘फूल’ हा शब्द येथे नीट धरून ठेवावा. आपण ‘पहिल्या धारेची’ म्हणतो, तेच भट्टीवरचा कोकणी माणूस ‘फूल’ म्हणत होता. पदार्थातला उत्तम, हलका, सुगंधी अंश म्हणजे त्याचे फूल, असा त्या बोलण्याचा रोख.

आता सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात यावे. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ च्या सुमारास मुंबईत होता. पुढे जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या घरातील रुग्णांना पाहण्यासाठी तो घाट चढून जुन्नरपर्यंत जाऊन आला. मुंबईत इंग्रज भराभर मरत होते. ‘दोन पावसाळे हे माणसाचे आयुष्य’ अशी मुंबईबद्दलची म्हण पुढे ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने लिहून ठेवली, ती याच काळातली. फ्रायर रोगराईची कारणे शोधतो आणि त्यातल्या वाईटांत वाईट कारणांमध्ये एक दारू सांगतो, ‘फूल रॅक’. इंग्रजीत फूल म्हणजे मूर्ख. ही दारू समुद्रातल्या, हात लावला की खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या जेलीमाशापासून करतात, असे तो सांगतो.

जेलीमाशापासून दारू होत नाही. ती व्हायला साखर लागते आणि जेलीमाशात ती नाही. मग हे आले कोठून? ओर्ताचा ‘फुला’ आणि फ्रायरचा ‘फूल’ शेजारी ठेवले की उत्तर दिसते. ‘फूल’ आणि ‘अरक’ मिळून ‘फूल अरक’, पहिल्या धारेची उत्तम दारू. इंग्रज खलाशाने शब्द ऐकला, त्याच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा होता, आणि तो वेगळा अर्थच त्याला अधिक पटला. सकाळी डोके धरून बसलेल्या माणसाला आपण मूर्खाची दारू प्यालो हे पटायला वेळ लागत नाही. नाव मूर्खाचे पडले, मग त्या नावाला शोभेल अशी जेलीमाशाची कथाही जोडली गेली. शंभर-सव्वाशे वर्षांत भट्टीवरचे सर्वांत चांगले परदेशी पुस्तकांत सर्वांत वाईट होऊन बसले, आणि त्यात झाडावर चढणाऱ्याचा किंवा भट्टी लावणाऱ्याचा काहीच दोष नव्हता.

त्याच फ्रायरच्या पुस्तकात आणखी एक प्रसिद्ध नोंद आहे. गोव्याजवळच्या नेरूळची अरक उत्तम असते आणि तिच्यापासून इंग्रज ‘पाँच’ नावाचे पेय करतात. हिंदुस्थानी भाषेत त्याचा अर्थ पाच, कारण त्यात पाच जिन्नस असतात, असे तो म्हणतो. ‘जगातले पंच हे पेय आपल्या पाचावरून आले’ हा दावा मराठी समाजमाध्यमांवर दरवर्षी एकदा तरी फिरतो, त्याचा मुख्य आधार हाच. दावा रुचकर आहे, पण पुरावा तपासावा लागतो.

हा शब्द सर्वांत आधी आढळतो तो १६३२ साली कंपनीच्या एका नोकराने लिहिलेल्या पत्रात, आणि तेथे पाचाचा मागमूस नाही. १६३८ साली सुरतेत असलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने इंग्रजांच्या ‘पालेपुंत्झ’ पेयाची कृती दिली आहे : दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. मोजून चार. फ्रेंच प्रवासी बुलाय ल गूझ १६५३ साली छापलेल्या ग्रंथात साखर, लिंबाचा रस, दारू, जायपत्री आणि भाजलेले बिस्कीट असे पाच जिन्नस मोजतो, पण शब्द मात्र इंग्रजी आहे असे सांगतो. पाच हा अर्थ स्पष्ट शब्दांत देणारा फ्रायर यानंतरचा. इंग्रजीत दारूच्या पिंपालाही ‘पंचन’ म्हणत, आणि खलाशांच्या तोंडी त्याचा ‘पंच’ होणे अवघड नव्हते. एकूण पाहता पाचाची व्युत्पत्ती शक्य आहे, सिद्ध नाही. ‘फूल’ची गोष्ट मात्र पक्की आहे, आणि नवल असे की ती कोणी पुढे पाठवत नाही.

या प्रवाशांना स्वतःच्या देशातली बिअर का मिळत नव्हती, असा प्रश्न येथे पडावा. मिळत होती, पण क्वचित आणि बहुधा खराब. आफ्रिकेला वळसा घालून येणारे जहाज चार ते सहा महिने घेई, विषुववृत्त दोनदा ओलांडी, आणि पिंपातली बिअर त्या उष्ण्याने आंबट होई. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसन या कारखानदाराने हॉप्स नावाच्या कडू फुलांचे प्रमाण वाढवलेली, टिकाऊ, फिकट बिअर हिंदुस्थानकडे धाडण्यात जम बसवला. एकोणिसाव्या शतकात तिलाच ‘इंडिया पेल एल’ हे नाव पडले. आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत या नावाची बाटली उचलणाऱ्या तरुणाला वाटते की नावात इंडिया आहे म्हणजे काही आपले असेल. त्या नावातला इंडिया हा फक्त पत्ता आहे.

बिअर टिकाऊ झाली तसा साहेब ताडीच्या झाडाखाली यायचा थांबला. प्रवासवर्णनांतून ताडीची चव हळूहळू दिसेनाशी झाली. पुढच्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत ताडी भेटते ती नोकरांचे पेय म्हणून, किंवा पाव फुगवण्याचे किण्व म्हणून.

मग आपल्याकडच्या कागदांत काय आहे? येथे अडचण येते. जे पीत होते ते लिहीत नव्हते, आणि जे लिहीत होते ते पीत नव्हते, निदान पीत असल्याचे लिहीत नव्हते. पेशव्यांच्या रोजनिशांत दारू भेटते ती मनाई आणि शिक्षा या रूपात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या रोजनिशांवर लिहिलेल्या प्रस्तावनेत याचे मासले आहेत. त्यांतला एक नाशिकचाच. दारू प्यायल्याचे सिद्ध झालेल्या तेथील काही धर्माधिकारी ब्राह्मणांना पकडून किल्ल्यांवर कैदेत ठेवले गेले. कोळी, भंडारी अशा जातींना मात्र मनाईतून सूट होती. या नोंदीवरून कोणाला शिक्षा झाली ते कळते. ते काय प्यायले, कोणत्या झाडाचे, चव कशी होती, हे कळत नाही. कारकुनाला त्याच्याशी कर्तव्य नव्हते.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी लेखनातही दारू येते ती संकट म्हणून, आणि त्याला सबळ कारण होते. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुण्यात नगरपालिकेचे सदस्य असताना दारूच्या दुकानांच्या वाढीला विरोध केला. टिळकांनी १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन चालवले. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने घरोघरच्या सिंधूंचे दुःख रंगभूमीवर आणले. हे सारे खरे होते. ज्या घरात मजुरीचे पैसे भट्टीवर जात त्या घरातल्या बाईला तेवनोच्या रसिकतेचे कौतुक असण्याचे कारण नव्हते.

पण फुले ज्या दुकानांविरुद्ध लिहीत होते ती दुकाने आणि भंडाऱ्याचे मडके या दोन वेगळ्या वस्तू होत्या, आणि त्यांना एक करण्याचे काम कायद्याने केले. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि परवान्यावाचून झाडाचा रस काढणे, विकणे, गाळणे गुन्हा ठरला. ताडीच्या झाडावर कर बसला. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांची गाळलेली दारू ठेकेदारांमार्फत विकण्याकडे सरकारचा कल होता, कारण एका मोठ्या भट्टीवर पहारा ठेवता येतो, रानातल्या हजारो झाडांवर ठेवता येत नाही. १८९२ साली मोहाच्या फुलांबाबतही कायदा झाला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठवण्यावर आणि विकण्यावर बंधने आली. ती फुले आदिवासी कुटुंबांच्या पोटातही जात होती, याचा विचार महसुलाच्या हिशेबात बसत नव्हता.

परिणाम असा झाला की ४-५ टक्क्यांचे, एका दिवसात संपून जाणारे, झाडाखाली प्यायचे पेय महाग आणि अडचणीचे झाले, आणि कितीतरी पट तीव्र, बाटलीत टिकणारी गाळीव दारू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागली. सुधारकांनी पाहिलेल्या दारूच्या संकटात या बदलाचा वाटा किती, हा प्रश्न डेव्हिड हार्डिमन यांच्यासारख्या इतिहासकारांनी दक्षिण गुजरातच्या संदर्भात विचारला आहे. नाशिक, ठाणे आणि खानदेशासाठी तो तितक्याच तपशिलाने विचारला जाणे बाकी आहे. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने सगळ्याच पेयांना एका तागडीत तोलले. नीरा तेवढी सुटली, कारण ती आंबण्याआधीच विकायची असते.

या काळात अंकाईची वाटही बदलली. बागलाणातून येणारी बैलगाड्यांची रांग मागे पडली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग थळघाट चढून मनमाडवरून भुसावळकडे गेला, आणि १८७८ साली, म्हणजे अबकारी कायद्याच्याच वर्षी, दौंड-मनमाड मार्ग येवल्यावरून सुरू झाला. आगगाडीतल्या प्रवाशाला शिंदीचे झाड खिडकीतून दिसे. तेथे उतरून मडक्याला तोंड लावण्याइतका वेळ गाडी थांबत नव्हती.

तेवनोला स्वतःचा हिंदुस्थानचा ग्रंथ छापलेला पाहता आला नाही. परतीच्या वाटेवर इराणातील मियाने येथे नोव्हेंबर १६६७ मध्ये तो वारला. वय चौतीस. त्याची टिपणे १६८४ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली, आणि ‘आंकितांकी’ व ‘काद्जिऊर’ हे दोन्ही शब्द त्यांच्यासोबत छापले गेले.

ठाण्याच्या भेरली माडाला ओळखणाऱ्या हेन्री यूलने आयुष्याच्या अखेरीस आर्थर बर्नेल याच्यासोबत केलेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली निघाला. त्यात ‘फूल्स रॅक’ हा शब्द वेगळा दिला आहे. ओर्ताचा उतारा आहे, फ्रायरच्या जेलीमाशाची कथा आहे, आणि मूळ शब्द हिंदी-मराठी ‘फूल’ असून तो उत्तम दारूला लावत, असा निर्वाळा आहे. दोनशे वर्षे मूर्खाच्या नावाने ओळखली गेलेली दारू कोशात पुन्हा फूल झाली. कोकणातल्या भंडाऱ्याला ते फूल परवान्याशिवाय उतरवायला बंदी होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती.